फुगडीचे पथक रानात निघते तेव्हा

प्रश्न : दादा, आमचे वाड्यावरच्या बायकांचे फुगडी पथक आहे. चवथीची धावपळ संपली की आम्ही आठजणी तांबडी सुर्ल्याला जाणार. महादेवाचे दर्शन घेऊन पुढे धबधब्यापर्यंत पायी जायचा बेत आहे. डोंगर-रान कुणालाच सवयीचे नाही. घरचे जळवांची भीती घालतात. बूट कसले घ्यावेत, बरोबर काय न्यावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, चवथीत रात्ररात्र फुगड्या घालणाऱ्या बायकांचा दम अर्ध्या वाटेत संपेल, हे मला कुणी पटवूनच द्यावे. चढ तुम्ही हसतखेळत काढाल. गुडघे कुरकुरतात ते उतरताना, म्हणून ज्यांचे दुखतात त्यांनी हातात काठी घ्यावीच.

बूट महागडे नकोत. कॅनव्हासचे, तळाला रबरी खुंट्या असलेले बूट शेवाळलेल्या दगडावर चांगले धरतात. पण ते आत्ताच आणा आणि रोज संध्याकाळी पायात घालून चाला. कोरा बूट रानात टाच सोलतो. साडी आणि जीन्स दोन्ही घरी. एकदा भिजली की जीन्स दिवसभर वाळत नाही. लवकर वाळणारी ट्रॅक पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांत खोचा.

जळवांचे म्हणाल, तर त्या किळसवाण्या खऱ्या, पण बिचाऱ्या निरुपद्रवी. ओढून काढू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवले की सुटते. जळवेच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे नंतर बराच वेळ वाहते. स्वच्छ फडके दाबून धरा, घाबरू नका. मला काळजी वाटते ती गोचिडीची. माकडताप, म्हणजे माकडांनाही मारणारा विषाणूचा ताप, पसरतो तो तिच्या चाव्याने, आणि २०१५ पासून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले आहेत. तिचा जोर पाऊस सरल्यावर, काजूच्या हंगामापर्यंत. चवथीनंतर लगेच गेलात तर धोका कमी, पण बेत डिसेंबर-जानेवारीवर ढकलाल तर पानगळीच्या ढिगावर बसू नका आणि घरी येताच कढत पाण्याने आंघोळ करून कपडे वेगळे धुवा. वाटेत मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

दगडाला किंवा फांदीला हात टेकण्याआधी तिथे नीट बघा. चापडा साप हिरवा असतो, तपकिरीही असतो आणि शेवाळात असा मिसळतो की वीतभर अंतरावरूनही कळत नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, त्यात चापडा नाही. कोणताही साप चावला तरी आवळून बांधू नका, चिरू नका. तो अवयव हलवू न देता माणसाला इस्पितळात न्या. रेंज मिळताच १०८ लावा. रानात ती मिळेलच असे धरून चालू नका. कुठे जातो आणि कितीला परततो हे घरी सांगून निघा.

आता पाण्याबद्दल. तुमच्या वाटेत ओहोळ लागतात. डोक्यावर ऊन असले तरी घाटमाथ्यावर पाऊस पडत असतो. पाणी एकदम गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की ज्या काठावर आहात तिथेच वर सरका. ओलांडायची घाई नको. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर वन खात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. तांबडी सुर्लाही अभयारण्यात येते, तेव्हा आधी वन खात्याकडे चौकशी करा, परवाना काढा आणि गावातला वाटाड्या घ्या. तो नको म्हणाला तर देऊळ बघून परता. कदंबकालीन ते देऊळ एका दिवसाला पुरून उरते.

खाण्याचे काय सांगू? चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या न्या, त्याहून चांगला खाऊ नाही. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, विजेरी. दुपारी दोनला, जिथे असाल तिथून, माघारी फिरा.

प्रश्न : कुळ्याहून रुळांच्या कडेने दूधसागरला चालत गेलो तर?
— कॉलेजचा विद्यार्थी, मडगाव

उत्तर : नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रुळांवर घुसणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस कान पकडून उठाबशा काढायला लावतात ते वेगळे. आणि त्या वाटेवर बोगदे आहेत, बाबा. पाऊस ओसरल्यावर कुळ्याहून जीप सुटतात, तेव्हा जा. तिथे लाइफ जॅकेट देतात. फोटोपुरतेसुद्धा काढू नकोस.