बडोद्यात अकरावीच्या मुलीला स्वप्नांवर काय वाचायला द्यावं?

ताई, लेक अकरावीत, मानसशास्त्राचा प्रकल्प 'स्वप्नं', म्हणून पुस्तकं विचारताय. आधी नको ते सांगते. साप दिसला की धनलाभ, दात पडला की संकट, असली 'स्वप्नफल' छापाची पुस्तकं घेऊ नका. गंमत म्हणून ठीक, प्रकल्पात शोभणार नाहीत.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड टाळता येणार नाहीच. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं नोव्हेंबर १८९९ मध्ये, पण प्रकाशकाने मुखपृष्ठावर १९०० छापलं; मुलीने दोन्ही सालं लिहावीत, शिक्षक खूश होतील. ब्रिलचं १९१३ चं इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. जाडजूड आहे, सगळं वाचायची गरज नाही, पण 'स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती' हे प्रकरण वाचावंच. मात्र तिथेच थांबू नये. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी झोपेत डोळे भराभर हलण्याची अवस्था नोंदवली (ठळक स्वप्नं बहुधा तेव्हाच पडतात), तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेत गेला. आपल्याकडचं हवं तर मांडूक्य उपनिषद: जेमतेम १२ मंत्र, त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था तुरीय.

मराठी पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी गाठा. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून उभारलेली; तिथली काचेची जमीन बघायला तरी लेकीला न्याच.

आणि उशाशी वही-पेन्सिल. उठल्याबरोबर लिहायचं, मोबाइल हातात घेतला की स्वप्न गेलंच. माझ्या भाच्याने आठ दिवस लिहिलं; तीनदा एकच, पेपर हातात आणि सगळा गुजरातीत!