पॅनल सॉ (प्लायवूड-बोर्डच्या शीट कापणारं मशीन), सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर बोर्ड कापणारं, कोरणारं मशीन) चालवणाऱ्याला महाराष्ट्रात पगार किती? गावागणिक फरक का पडतो?

पगाराचा तळ किमान वेतनावर ठरतो: मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. मूळ वेतन परिमंडळानुसार (किमान वेतनासाठी सरकारने ठरवलेले विभाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गानुसार बदलतं. भत्ता जानेवारी आणि जुलैत महागाईनुसार सुधारतो. महानगरपालिका आणि मोठ्या औद्योगिक वसाहती सहसा वरच्या परिमंडळात असतात. मशीन चालवूनही हजेरीपटावर 'हेल्पर' लिहिलं असेल तर नुकसान तिथेच होतं, म्हणून वर्ग आधी तपासा.

तळाच्या वर किती, हे मशीनवर. बल्लारपूरकडच्या सॉ मिलमधला बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत) आणि चाकणच्या मॉड्युलर फर्निचर कारखान्यातला सीएनसी राउटर चालवणाऱ्यांचे पगार वेगळेच. नुसतं बटण दाबणारा स्वस्तात मिळतो. पॅनल सॉवर स्कोरिंग ब्लेड (मुख्य ब्लेडच्या आधी उथळ खाच पाडणारं छोटं पातं) मुख्य ब्लेडच्या रेषेत नसेल तर लॅमिनेटच्या कडा उडतात आणि शीट वाया जाते. ते सेटिंग स्वतः करणारा, राउटरवर नेस्टिंग (एका शीटवर तुकडे कमी वाया जातील असे बसवणं) आणि टूल ऑफसेट (हत्याराच्या लांबी-जाडीची मापं मशीनला देणं) सांभाळणारा माणूस जास्त मागू शकतो.

आकडा ऐकताना हातात किती ते विचारा. उदाहरणार्थ एकूण 18,000, त्यात मूळ अधिक भत्ता 15,000: पीएफ 1,800, ईएसआय (कामगार विमा) 135, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300, या पगारावर महिलांना माफ). उरले 15,865. ओव्हरटाइम दुप्पट दराने हवा: 18,000 भागिले 26 दिवस भागिले 8 तास, म्हणजे तासाला साधारण 86.50, दुप्पट 173. बरेच छोटे कारखानदार एकेरीच देतात. मुंबईच्या जवळ दोन-तीन हजार जास्त मिळाले, पण खोली स्वतः भाड्याने घ्यावी लागली तर ते भाड्यातच जातात. राहण्याची सोय देणारा लहान गावातला कारखाना कधी कधी परवडतो.