‘व्हेरी ह्यूज’ का खोडलं?

प्रश्न : लोणार सरोवरावर मी इंग्रजीत माहितीपत्रक लिहिलं. सुरुवातच ‘अ व्हेरी ह्यूज क्रेटर’ अशी होती. तपासणाऱ्या बाईंनी ‘व्हेरी’ खोडलं. पुढे ‘द लेक इज टू बिग’ होतं, तिथेही काट. मराठीत आपण ‘खूप मोठं’ म्हणतोच की! मग चुकलं कुठे?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : बाईंची लाल पेन्सिल बरोबर चालली आहे. ‘रात्र खूप काळीकुट्ट होती’ हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. अडखळलात ना? ‘काळी’ला ‘खूप’ चालतं, ‘काळीकुट्ट’ला नाही, कारण ‘कुट्ट’नं ते काम आधीच उरकलेलं असतं. इंग्रजीतली ह्यूज, एनॉर्मस, जायगँटिक ही अशीच पोटभर जेवलेली विशेषणं. ‘व्हेरी’ वाढायचं ते बिग, लार्ज, स्मॉल यांच्या पानात. ‘ह्यूज’वर जोर द्यायचाच असेल तर ‘अ‍ॅब्सल्यूटली ह्यूज’ म्हणा. पण ‘अ‍ॅब्सल्यूटली बिग’ नको. ‘रिअली’ बिचारं दोन्हीकडे खपतं.

‘एनॉर्मस’ माझा लाडका. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या. गुण्यात न बसणारं ते एनॉर्मस! त्याला वर ‘व्हेरी’चं ठिगळ कशाला?

बोलताना इंग्रज माणसाच्या तोंडूनही ‘व्हेरी ह्यूज’ निसटतं, नाही असं नाही. ‘व्हेरी टाइनी’ तर छापूनही येतं. पण छापील पत्रकात ‘व्हेरी ह्यूज’ खटकतंच. आणि खरं सांगू? तुम्हाला यातलं काहीच नको. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ‘निअरली टू किलोमीटर्स अक्रॉस’ एवढं लिहा. वाचणारा मनातल्या मनात ते अंतर चालून बघेल.

‘टू बिग’मधल्या ‘टू’ची (दोनवाल्या नव्हे) गोष्ट वेगळी. तिथे आपलं ‘फार’ आपल्याला फसवतं. ‘जेवण फार छान होतं’ ही तारीफ, ‘सदरा फार मोठा झाला’ ही तक्रार, ‘फार’ तेच. इंग्रजीनं ही कामं वाटून दिली आहेत. तारीफ ‘व्हेरी’कडे, तक्रार ‘टू’कडे. ‘टू बिग’ म्हणजे नको इतकं मोठं. लोणारचं तळं कुणाला नको इतकं मोठं झालंय?

हे मी पैसे घालवून शिकलो. छापखान्यात नवा असताना एका बिल्डरच्या जाहिरातीत मी ‘टू स्पेशस फ्लॅट्स’ लिहिलं. मुद्रितं मीच तपासली, मलाच ती झोकदार वाटली. पत्रकं छापून गेल्यावर बिल्डरचा परदेशातून आलेला भाचा मामाला म्हणाला, “घरं जरुरीपेक्षा मोठी आहेत असं आपणच का सांगतोय?” फेरछपाईचा कागद माझ्या पगारातून कापला गेला. तेव्हापासून ‘टू’ दिसला की माझा हात आधी खिशाकडे जातो.

जाता जाता आणखी एक. ‘त्यापेक्षा खूप मोठं’ हे इंग्रजीत ‘मच बिगर’ किंवा ‘फार बिगर’ होतं. हे ‘फार’ इंग्रजीतलं, आपल्याशी त्याचं नातं नाही. तुमच्या पत्रकात पुढे कुठे ‘व्हेरी बिगर’ असेल, तर बाईंकडे पाठवण्याआधी तुम्हीच खोडून टाका.