९ हजारवाला ट्रान्सपोर्टर घ्यावा की साडेपंधरा हजारवाला?

तुम्ही विचारलंय की नोकरी बदलून पुण्याहून बेंगळुरूला चाललाय, मिसेसना सातवा महिना, म्हणून दोघं विमानाने जाणार आणि स्विफ्ट ट्रेलरवर पाठवायचीय. गाडीची आजची किंमत ४ लाखांच्या आसपास, एक कोटेशन ९,००० चं, दुसरं १५,५०० चं, तर ६,५०० वाचवावेत का?

माझं मत, नका वाचवू. पण महाग आहे म्हणून दुसरा चांगला असंही नाही, दोघांनाही जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. तिथे जे लीगल किंवा ट्रेड नाव दिसेल तेच बँक खात्यावर आणि बिल्टीवर (वाहतूकदार गाडी ताब्यात घेताना देतो ती पावती) पाहिजे, नाही जुळलं तर बहुतेक तुम्ही दलालाशी बोलताय. तो बुकिंग घेतो, गाडी ज्याच्या ट्रेलरवर जागा असेल त्याला देतो, आणि गाडी चढली की फोन येतो अजून पैसे टाका नाहीतर डिलिव्हरी नाही. माझ्या एका क्लायंटने असे ७ हजार जादा भरले, गाडी आणि चावी दोन्ही ट्रेलरवाल्याच्या ताब्यात, करणार काय.

आता खरी पैशाची गोष्ट. कॅरेज बाय रोड कायद्यात, बिल्टीवर गाडीची किंमत लिहून जादा जोखमीचा रेट ठरवला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे ९,००० भाडं तर ९०,०००, गाडी मात्र ४ लाखांची! १५,५०० वाल्याकडेसुद्धा १,५५,००० च. त्यामुळे ४ लाख लिहून घ्या, थोडा जादा रेट लावला तर लावू दे. ट्रान्झिट इन्शुरन्सचे पैसे मागितले तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट, त्यावर तुमचा चेसिस नंबर, हे हातात येईपर्यंत देऊ नका, नुसता रबरी शिक्का म्हणजे विमा नाही. तुमची स्वतःची काँप्रिहेन्सिव्ह पॉलिसी पण काढून वाचा, त्यात ट्रान्झिटमधलं नुकसान सहसा कव्हर असतं, फक्त क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

गाडी देताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि किलोमीटरचा आकडा बिल्टीवर लिहायला लावा, कारण ट्रेलर सोसायटीपर्यंत येत नाही, यार्डातून पुढे कोणीतरी तुमची गाडी चालवतच आणतो. काही बिघडलं तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यायची, नंतर कोर्टात दावा टिकत नाही.

आणि एक, तिकडे किती वर्षं राहणार ते नक्की करा. १२ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पुणे आरटीओची एनओसी, कर्नाटकात री-रजिस्ट्रेशन आणि तिथला लाइफटाइम टॅक्स असं सगळं येतं, पुण्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला रिफंड मिळतो पण हेलपाटे फार. तीन-चार वर्षांचा बेत असेल तर ट्रान्सपोर्ट बुक करण्याआधी पुण्यातच गाडीला काय भाव येतो तो काढा.