उरलेल्या वेगवेगळ्या जाडीच्या लोकरीतून क्रोशाचं एकच ब्लँकेट होईल का?

हो होईल की, फक्त रंग नंतर बघा, आधी जाडीप्रमाणे ढीग करा. जाड-बारीक लोकर एकाच सुईने विणली की ब्लँकेटसाठी विणलेले चौकोन लहानमोठे होतात आणि जोडताना कडा ओढल्या जातात, म्हणून बारीक असेल ती दुहेरी धरायची. ग्रॅनी स्क्वेअर बेस्ट, म्हणजे मधून सुरू करून फेरी-फेरीने वाढणारा चौकोन, त्यात तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) गुच्छ, छोटासा गोळाही एखाद्या फेरीत संपून जातो, आणि सगळ्यांची शेवटची फेरी एकाच रंगाची ठेवली की रंगांचा गोंधळ वाटत नाही (तो रंग मात्र बहुतेक विकतच आणावा लागेल). धाग्याची टोकं १५ सेंमी तरी सोडून आत ओवा. एकच अडचण, खरी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक मिसळलं तर गरम पाण्यात लोकरीचे चौकोन आटतात, अ‍ॅक्रिलिकचे नाही, त्यामुळे लेबलं हरवली असतील तर थंड पाण्यात हातानेच धुवा.