दीड महिना आवाज बसलाय, दुखत मात्र नाही. अँटिबायोटिक झाली, गुळण्या चालू आहेत. किती दिवसांत बरा होईल?

गुळण्यांची वेळ केव्हाच टळली. स्वरयंत्राची सूज तीन आठवड्यांच्या पुढे गेली की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. तिच्यामागे बहुतेकदा जंतू नसतातच, म्हणून अँटिबायोटिक लागू पडत नाही. आणि गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल. हे मी आमच्या दादाला कितीदा सांगितलंय.

मी शाळेत शिकवते. आधी आवाज संध्याकाळी बसायचा, मग दुपारीच, शेवटी सकाळी उठतानाच घोगरा. ताप नाही, दुखणं नाही, त्यामुळे घरात कुणाला तो आजार वाटेना. दादा तर सरळ नाटक म्हणाला. वर सल्ला, "कुजबुजत बोल." कुजबुजण्याने घशावर उलट ताण येतो!

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी जीभ गॉझमध्ये धरून पुढे ओढली, दुर्बीण आत घातली आणि म्हणाले, "ई म्हणा." पडद्यावर स्वरतंतू दिसले. पांढरे हवेत, ते लालसर होते, कडा सुजलेल्या, आणि मध्ये चिकट कफाची तार ताणली जात होती. त्या कफापायी मी सारखी खाकरायचे आणि दर खाकरण्याला तंतू एकमेकांवर आपटायचे. पोटातलं आम्लही वर येत होतं, छातीत जळजळ अजिबात नसताना.

मला खरा गुण आला तो स्पीच थेरपिस्टमुळे. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी, ओरडण्याऐवजी श्वासाच्या आधाराने बोलणं, झोपण्याआधी तीन तास खाणं बंद. बरेच महिने लागले. तुम्हाला किती लागतील ते कारण कळल्यावरच ठरेल. तेव्हा आधी दुर्बिणीने तपासून घ्या. घोगरेपणा चार आठवडे टिकला की ही तपासणी व्हायलाच हवी.

सिगारेट ओढत असाल, थुंकीत रक्त दिसत असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा मानेला गाठ लागत असेल तर उद्यावर ढकलू नका. श्वास घ्यायला जड जात असेल तर थेट इस्पितळ गाठा. दम्याचा स्टेरॉइड इनहेलरही आवाज बसवतो, पण तो मनाने बंद करू नका. घेतल्यावर चूळ भरा, तिथे ती कामाची आहे.

आणि जाताना "दुखत नाही, मग डॉक्टर कशाला" म्हणणाऱ्या घरच्या माणसाला सोबत न्या. पडदा त्यालाही बघू दे. मग आवाजाला विश्रांती हवी म्हटल्यावर तो नाटक म्हणणार नाही.