ताई, किती सीसी घेऊ?

मी समुपदेशक, आणि ब्रेस्ट इम्प्लांटबद्दलचा (छाती भरीव दिसायला ऑपरेशन करून आत बसवतात ती पिशवी) हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की फोनवर समोरची बाई दोन वाक्यं इकडचं तिकडचं बोलून थांबली की मला कळतं आता काय येणार. "ताई, ते ब्रेस्टचं... सर्जनकडे जाऊन आले, ते म्हणतात २५० ते ३५० मध्ये काहीही चालेल, तुम्ही ठरवा. आता मी कसं ठरवू?" किंवा उलट, ऑपरेशन होऊन गेलेलं असतं आणि तक्रार अशी की मला सी कप पाहिजे होता, दुकानात डीडी कपाची ब्रा बसली, डॉक्टरांनी जास्तच मोठं टाकलं का? बडोद्यात हा विषय कोणी मोठ्याने काढत नाही, दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांत तर नाहीच नाही, त्यामुळे मैत्रिणीला नाही, बहिणीला नाही, थेट माझ्याकडे येतं. म्हणून एकदा नीट लिहून टाकते. खाली जी अनघा आहे ती एक बाई नाही, तीन-चार जणींची मिळून केलेली आहे, आणि नाव अर्थातच खरं नाही.

अनघा चौतिशीची, दोन मुलं, दोन्ही अंगावर प्यायलेली, धाकट्याचं दूध सुटून वर्ष उलटलेलं. स्वतःची नोकरी, स्वतःची एफडी मोडायची तयारी. नवऱ्याचं म्हणणं "तुझं तू बघ, मला काही प्रॉब्लेम नाही", ज्याचा अर्थ काय घ्यायचा हे तिलाही कळलेलं नव्हतं. पहिल्याच भेटीत मोबाईल पुढे केला, त्यात फोटोच फोटो, सगळे ऑपरेशन नंतरचे, सगळे दुसऱ्या बायकांचे.

"ताई, मला ३४ सी पाहिजे. बास. पण डॉक्टर तसं बोलतच नाहीत, त्यांचं सीसी सीसी चालू असतं."

आता डॉक्टर बरोबरच बोलत होते. इम्प्लांट मोजतात घनफळात, म्हणजे ३०० सीसी म्हणजे ३०० मिली. ब्राचा कप हा घनफळाचा आकडा नाहीच, तो दोन मापांमधला फरक आहे. त्यामुळे कुठलाही शहाणा सर्जन "तुम्हाला सी करून देतो" असं लिहून देणार नाही, आणि जो देतो त्याच्याकडे मी तरी जाणार नाही. अंदाज म्हणून लोक सांगतात की दीडशे-दोनशे सीसीला एक कप वाढतो, पण तो अंदाजच. एक तांब्या पाणी परातीत ओता आणि तेवढंच पेल्यात ओता, तसं आहे हे. रुंद छातीच्या उंच बाईवर ३०० सीसी कुठे गेलं ते कळत नाही आणि बारीक बांध्याच्या बाईवर तेच ३०० आधी नजरेत भरतं. मग दुसऱ्यांचे फोटो बघून आकडा ठरवायचा तर निदान उंची, वजन आणि छातीचा घेर आपल्यासारखा असलेली बाई तरी शोधा.

हे सगळं मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत फोटो बघत बसली असती. माहितीने माणूस हलत नाही हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. आणि मी "का करायचंय?" असंही विचारत नाही. का विचारलं की माणूस स्वतःचा वकील होतो, कारणं तयार करतो, आणि आपण दोघी बसतो त्या कारणांवर वाद घालत. मी दिवस विचारते.

"समज, सगळं झालं, जखम भरली, वर्ष गेलं. सकाळी उठलीस. रात्री झोपेपर्यंत काय काय वेगळं होईल? आकडा नको सांगूस, दिवस सांग."

"कॉन्फिडन्स येईल."

"तो मला दिसणार नाही गं. मला दिसेल असं काय करशील?"

हे एका भेटीत झालं नाही. मधे ती जाऊबाईंवर बोलली, ऑफिसवर बोलली, आईवर बरंच बोलली. मग एके दिवशी पर्स आवरत, निघता निघता म्हणाली, "दोरीची चोळी घालेन."

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा, नवलखी ग्राउंडवर माणसांचा समुद्र, आणि चणियाचोळीची पाठ उघडी, मागे फक्त दोऱ्या. त्यात ब्रा घालता येत नाही, म्हणून टेलरकडून आत पॅड शिवून घेतात. अनघाचं पॅड गरब्यात सरकलं होतं, एकदा नाही, दोन वर्षं लागोपाठ, आणि ती सगळा वेळ एका हाताने चोळी धरून नाचली होती. कॉलेजात गरब्याची बक्षिसं मिळवलेली मुलगी ही. मला बसवलं तिने परत. तासभर गेला. मला विचाराल तर ह्या सगळ्या केसमधली मोलाची गोष्ट ती होती, कारण आता आमच्याकडे एक पट्टी आली होती जिच्यावर कुठलाही आकडा ठेवून बघता येत होता. दोन्ही हात सोडून नाचता आलं पाहिजे. सी वगैरे नंतर.

पुढच्या भेटीत मी तिला टेप दिला. माझ्या ड्रॉवरमध्ये शिवणाचा टेप असतो, हसू नका, कामाला येतो. म्हटलं आतल्या खोलीत जा, छातीच्या बरोबर खाली टेप घट्ट धरून एक माप घे आणि भरलेल्या जागी सैल धरून दुसरं. इंचात.

"खाली ३२. वर ३५."

"फरक?"

"तीन."

"एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी."

ती थांबली. "तीन म्हणजे सी? पण ताई, मी तर ३६ बी घालते."

"कोणी सांगितलं ३६?"

कोणी म्हणजे मंगळ बाजारातला दुकानदार, त्याने काउंटरमागून एक नजर टाकून "बेन, तमने छत्रीस ज आवशे" म्हटलं होतं, पहिल्या बाळंतपणानंतर कधीतरी, तेव्हापासून ३६. आता गंमत बघा. पट्टा (तो ३२, ३४, ३६ चा आकडा) मोठा घेतला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी ह्या तिन्हींचा कप साधारण सारखाच भरतो. म्हणजे ३२ सी ची बाई पाच वर्षं स्वतःपेक्षा एक माप मोठा कप घालून फिरत होती, कप वरून रिकामा राहत होता, पट्टा पाठीवर वर चढत होता, खांद्याच्या पट्ट्या घसरत होत्या, आणि ती रोज आरशासमोर म्हणत होती की माझ्यात काही उरलंच नाही.

आधी तिला राग आला. दुकानदाराचा, माझा, टेपचा. मग म्हणाली, "म्हणजे मी आत्ताच सी आहे. मग मला सी पाहिजे म्हणजे मला पाहिजे तरी काय?"

मी काहीच बोलले नाही. असा प्रश्न समोरच्याने स्वतःला विचारला की समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, नवीन मुलींना मी हेच शिकवते आणि त्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

इथे तुम्हाला वाटेल की तिने बरोबर मापाची ब्रा घेतली आणि ऑपरेशन कॅन्सल केलं. ब्रा घेतली, ३२ सी, दोन महिने घातली, आणि तिची निम्मी तक्रार खरंच गेली, टीशर्टमधला तो रिकामेपणा गेला. पण ब्रा काढल्यावर वरचा भाग बसलेला तो बसलेलाच, आणि चोळीत तर ब्रा नाहीच. तर निर्णय राहिला. मी तो बदलायला बसलेलीच नाही, शरीर तिचं, पैसे तिचे. मला एवढंच बघायचं असतं की आकडा आरशातून आलाय की आयुष्यातून. (ज्या बाईचा दिवसाचा बराच वेळ एकाच अवयवाकडे बघण्यात जातो, चारचौघांना दिसतही नाही असा दोष जिला सारखा छळतो, तिला मी सर्जनच्या आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवते. तिथे कुठलाच साइज पुरत नाही.)

मग तांदूळ. हे कोणीही घरी करू शकतं. स्वयंपाकातल्या मापाच्या कपाने तांदूळ मोजायचे, एक मिली म्हणजे एक सीसी, पातळ पिशवीत भरून मोज्यात घालायचे आणि बिनपॅडच्या सैलसर ब्रात ठेवून घरात वावरायचं. दहा मिनिटं नाही, दिवसभर. पोळ्या लाटा, जिने चढा, मुलाला उचला. बाहेर ठेवलेलं आतल्यापेक्षा थोडं जास्तच दिसतं, विशेषतः इम्प्लांट स्नायूखाली जाणार असेल तर, आणि सर्जनकडे ह्यासाठी खास सायझर असतात तेही लावून बघायचे, आणि तांदूळ इम्प्लांटपेक्षा थोडा हलकाच असतो, पण वजनाची साधारण जाणीव तो देतो. अनघाने २५०, ३०० आणि ४०० तिन्ही करून बघितले, आणि ४०० लावून बेडरूमचं दार लावून गरबा केला.

"ताई, ४०० मध्ये दोरीची चोळी विसरा. ते धरायलाच ब्रा लागेल."

बरोबर. ४०० ची दोन्ही इम्प्लांट मिळून पाऊण किलोच्या वर वजन होतं. फोटोंमध्ये तिला ४०० च आवडलेले होते, आणि ज्यासाठी हे सगळं करायचं होतं नेमकं तेच ४०० ने काढून घेतलं असतं. मी सांगितलं असतं तर मी जुन्या वळणाची ठरले असते, तांदळाने सांगितलं.

सर्जनकडे दुसऱ्यांदा गेली ती वही घेऊन. (एका डॉक्टरांनी मला हसत सांगितलं होतं, तुमच्याकडून आलेली पेशंट लगेच ओळखू येते, वही काढते.) पहिला प्रश्न, माझ्या ब्रेस्टची रुंदी किती सेंटिमीटर आणि त्यात बसणारं इम्प्लांट कुठलं. कारण आपल्या रुंदीपेक्षा मोठं टाकलं की ते काखेकडे तरी जातं नाहीतर मधे एकमेकांना भिडतं, आणि वरची कातडी-चरबी पातळ असेल तर कड आणि सुरकुत्या दिसतात. त्याच रुंदीत कमी उठावाचं, मध्यम, जास्त उठावाचं असे प्रकार येतात, तिथे सीसी बदलतं. म्हणजे आधी रुंदी, मग उठाव, सीसी सगळ्यात शेवटी, आपण बरोबर उलटं करतो. दुसरा प्रश्न, दूध पाजल्यानंतर जे खाली आलंय ते नुसत्या इम्प्लांटने वर जाईल का? निपल खालच्या घडीच्याही खाली उतरलं असेल तर नाही जात, वेगळं उचलण्याचं ऑपरेशन लागतं, आणि मोठा साइज टाकून ते झाकायला गेलं तर वजनाने अजून ओढलं जातं. अनघाचं घडीच्या वर होतं.

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी लिहूनच देते: हे पुन्हा कधी काढावं लागेल? इम्प्लांट जन्मभराची वस्तू नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२१ पासून हे पेशंटला ठळक चौकटीत सांगणं बंधनकारक केलंय, जितकी वर्षं जास्त तितकी कॉम्प्लिकेशनची शक्यता जास्त. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते आवळून कडक होऊ शकतं, इम्प्लांट फुटू शकतं, निपलची संवेदना कमी होऊ शकते, खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) जोडला गेलाय आणि त्यावरून २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीचा माल जगभरातून परत मागवला गेला. सिलिकॉन असेल तर काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असं एफडीए सांगते. आणि आपल्याकडे हौसेच्या कॉस्मेटिक सर्जरीला मेडिक्लेम मिळत नाही, कॅन्सरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनची गोष्ट वेगळी. एक एफडी मोडताना दुसरी ठेवता येईल का ते बघा, असं मी स्पष्ट सांगते.

तिने २७५ घेतलं, मध्यम उठावाचं. जानेवारीत केलं, म्हणजे नवरात्रापर्यंत भरपूर महिने.

तिसऱ्या आठवड्यात मेसेज, "ताई खूप मोठं झालंय आणि गळ्याशी आलंय." चौथ्या महिन्यात मेसेज, "ताई छोटं वाटतंय, ३०० घ्यायला हवं होतं का?" दोन्ही मेसेज येणार हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे दोन्हींच्या शेवटी हसणारा चेहरा होता. सुरुवातीला सूज असते, इम्प्लांट वर बसतं, कडक लागतं, खाली यायला आणि मऊ पडायला तीन ते सहा महिने जातात. आणि मग नजर सरावते, नवीन ते रोजचं होतं.

सहा महिन्यांनी टेप. खाली ३२, वर ३७. फरक पाच. चार म्हणजे डी, पाच म्हणजे डीडी, जिला काही कंपन्या ई लिहितात. एका ब्रँडची ३२ डीडी तिला काचली, दुसऱ्याची ३४ डी मस्त बसली. नणंदेने ब्रा वाळत घातलेली बघितली आणि लेबल वाचून तोंडावर हात ठेवला, "डीडी? अगं किती मोठं केलंस!" अनघा म्हणाली, "वन्स, तुम्ही स्वतःचं माप घेऊन बघा एकदा." नणंद ४० बी घालायची, निघाली ३६ डीडी. दोघी मिळून मंगळ बाजारात गेल्या म्हणे.

तर ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि लेबल बघून धडकी भरलीय त्यांनी आधी कॅलेंडर बघा. सहा महिने झाले नसतील तर साइज ठरलेलाच नाही, डॉक्टरांनी दिलेली सर्जिकल ब्रा घाला, ते हो म्हणेपर्यंत तारेची घालू नका. नंतर माप घ्या, दुकानात घालून बघा, पट्ट्याखाली दोन बोटं जायला पाहिजेत आणि पाठीवर पट्टा सरळ राहायला पाहिजे. इम्प्लांट कपाच्या आकारात दबत नाही, त्यामुळे कडक मोल्डेड कप वरून उघडा राहतो किंवा बाजूने टोचतो, मऊ शिवलेला कप आणि थोडी रुंद तार जास्त जमते. आणि एकदम सहा घेऊ नका, ऑनलाइन सेलमध्ये तर नाहीच. दोन घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीच्या.